वाचकांचे प्रश्न : गाडीला जादा दिवे, हॉर्न, चार्जर जोडताना

या वेळच्या पत्रांत मोटारसायकलच्या वायरिंगच्या तक्रारी सर्वाधिक आहेत. दिवे मंद लागतात, फ्यूज उडतो, बॅटरी उतरते, स्विच तापतो. तक्रारी वेगवेगळ्या दिसल्या तरी बहुतेकांचं मूळ एकच आहे : नव्या वस्तूचा करंट गाडीच्या मूळ वायरीतून ओढला गेला आहे. म्हणून खालच्या उत्तरांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा येईल. नव्या वस्तूला बॅटरीपासून स्वतःची वाट द्या. मूळ वायरीकडून फक्त ‘चालू हो’ एवढा इशारा घ्या.

प्रश्न : माझ्या १५० सीसी गाडीला २० वॅटचे दोन एलईडी दिवे, मोबाइल चार्जर आणि गरम होणारे हँडल ग्रिप लावायचे आहेत. मोठी बॅटरी बसवली की झालं ना?

नाही. इंजिन चालू असताना गाडीला वीज मॅग्नेटो, म्हणजे इंजिनवर फिरणारं वीज बनवणारं यंत्र, देतो. बॅटरी ही फक्त साठ्याची टाकी. नळच बारीक असेल तर टाकी मोठी करून ती रिकामी व्हायला दोन दिवस जास्त लागतील, एवढंच.

गाडीच्या पुस्तिकेत मॅग्नेटोची किंवा अल्टरनेटरची वॅटमधली क्षमता दिलेली असते. तो आकडा इंजिनच्या ठरावीक फेऱ्यांचा, बहुधा ५००० च्या आसपासचा असतो. सिग्नलला गाडी मंद चालू असताना वीज त्याहून बरीच कमी मिळते. समजा क्षमता १२० वॅट आहे. हेडलाइट ३५, मागचा दिवा ५, मीटर आणि बारीक दिवे ५, इग्निशन, पेट्रोलपंप आणि इंजेक्शन मिळून ४५, म्हणजे ९० वॅट आधीच गेले. उरले ३०. ब्रेक दाबला की त्यातले आणखी २१ जातात. तुमचे दिवे ४० वॅटचे, चार्जर १० चा, आणि ग्रिपची जोडी एकटीच ३० वॅटांहून जास्त खाते. इथे गणित बसत नाही. दिवे प्रत्येकी १० वॅटचे घ्या आणि ग्रिपचा विचार सोडा.

कागदावरचा हिशेब मल्टिमीटरने तपासून घ्या. मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून काड्या थेट बॅटरीच्या टोकांवर लावा. गाडी काही तास बंद असेल तर पूर्ण चार्ज बॅटरी १२.६ ते १२.८ दाखवते. इंजिन ४००० फेऱ्यांवर आणि सगळं चालू असताना १३.५ ते १४.५ दिसलं तर चार्जिंग नीट आहे. तेव्हाही १३ च्या खाली दिसत असेल तर तुम्ही बॅटरीतली पुंजी खात आहात. १५ च्या वर गेलं तर व्होल्ट आवरणारा रेग्युलेटर बिघडलेला आहे. तो बदलेपर्यंत नवीन काहीही जोडू नका.

एक खबरदारी. जुन्या आणि काही छोट्या गाड्यांत हेडलाइट थेट मॅग्नेटोच्या एसी विजेवर चालतो. रेस वाढवली की तो उजळतो, इंजिन बंद केलं की विझतो. अशा गाडीत बॅटरीकडे येणारी वीज फार तुटपुंजी असते. १० वॅटच्या वर काही लावायचं असेल तर आधी मॅग्नेटोची कॉईल आणि रेग्युलेटर डीसीसाठी बदलून घ्यावे लागतात.

प्रश्न : जादा दिवे हेडलाइटच्या वायरीलाच जोडले. ते मंद लागतात आणि हँडलवरचा स्विच गरम होतो. रिले कसा जोडायचा ते पायरीपायरीने सांगाल का?

हँडलच्या स्विचमधले संपर्क हेडलाइटच्या करंटपुरतेच बनवलेले असतात. जादा करंट गेला की ते तापतात, काळे पडतात, त्यांचा रोध वाढतो, आणि म्हणून आणखी तापतात. हे चक्र स्विचचं प्लास्टिक वितळेपर्यंत चालतं. दिवे आजच काढून टाका आणि रिलेवर घ्या. रिले म्हणजे बारीक करंटच्या इशाऱ्याने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच.

सामान असं : चार पिनांचा १२ व्होल्ट, ३० अँपिअरचा रिले आणि त्याचा सॉकेट, रबरी झाकणाचा ब्लेड फ्यूज होल्डर, १.५ चौरस मिलिमीटरची लाल आणि काळी वायर प्रत्येकी ३ मीटर, इशाऱ्यासाठी ०.५ चौरस मिलिमीटरची २ मीटर. पाणी न शिरणारा स्विच. बॅटरीच्या बोल्टच्या मापाचे गोल लग (वायरीच्या टोकाला दाबून बसवायची धातूची टोकं). हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केली की आवळणारी नळी). वायर शुद्ध तांब्याची आणि बहुतारी हवी. दुकानात एक तार ब्लेडने खरवडून पाहा. आत पांढरट दिसली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे. ते थरथरीने तुटतं आणि लगमध्ये सैल पडतं.

फ्यूज किती अँपिअरचा? दोन दिवे ४० वॅटचे, भागिले १२, म्हणजे ३.३ अँपिअर. त्याच्या दीडपट, म्हणजे ५ अँपिअरचा फ्यूज घ्या.

रिलेवरचे आकडे जर्मन डीआयएन ७२५५२ मानकातून आले आहेत आणि कुठल्याही कंपनीच्या नेहमीच्या रिलेवर त्यांचा अर्थ तोच राहतो. ३० वर बॅटरीची वीज येते, ८७ मधून ती दिव्यांकडे जाते, ८५ आणि ८६ ही आतल्या कॉईलची टोकं. पाच पिनांचा रिले मिळाला तर मधली ८७ए पिन मोकळी सोडून झाकून टाका. रिले बंद असताना तिच्यात वीज असते.

आता काम. आधी बॅटरीची निगेटिव्ह सोडा, जोडताना ती शेवटी जोडा. पॉझिटिव्ह सोडताना पाना चासीला टेकला आणि निगेटिव्ह जोडलेली असेल तर पान्यातूनच शॉर्ट होतो. रिले सीटखाली किंवा हेडलाइटमागे पिना खाली करून बसवा, म्हणजे पाणी पिनांत साचत नाही. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून लाल वायर ३० ला न्या. फ्यूज होल्डर बॅटरीपासून १५ सेंटिमीटरच्या आत ठेवा आणि फ्यूज अजून घालू नका. बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधल्या तुकड्याला कसलंच संरक्षण नसतं, म्हणून तो आखूड हवा. ८७ पासून दोन्ही दिव्यांच्या पॉझिटिव्हला वायर द्या. दिव्यांची काळी वायर परत बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत आणा. रंगवलेल्या ब्रॅकेटच्या बोल्टवर अर्थ (निगेटिव्हची जोडणी) दिला तर दिवा आज लागेल, पण पावसाळ्यात लुकलुकायला लागेल.

८५ अर्थला जोडा. ८६ ला इशारा येईल पार्किंग दिव्याच्या वायरीतून, मध्ये तुमचा स्विच घेऊन. रिलेची कॉईल जेमतेम ०.१५ ते ०.२ अँपिअर घेते, तेवढ्याने मूळ वायरीला काही होत नाही. इशाऱ्याची वायर नक्की तीच आहे का, हे आधी मीटरने पाहा : किल्ली चालू असताना बॅटरीइतके व्होल्ट, बंद असताना शून्य. हीच तपासणी इंजिन चालू करूनही करा. त्या वायरीत एसी असेल तर रिले टर्रर आवाज करत थरथरेल आणि थोड्याच दिवसांत जळेल.

वायर मूळ हार्नेसच्या (गाडीच्या वायरींच्या जुडग्याच्या) कडेने, टाकीखालून, सिलिंडर आणि सायलेन्सरपासून लांब न्या. हँडलच्या मानेजवळ थोडी सैल ठेवा. हँडल दोन्ही बाजूंना टोकापर्यंत वळवून वायर ताणली जात नाही, चिमटत नाही आणि ॲक्सिलरेटरच्या केबलला अडत नाही, हे पाहा. मग निगेटिव्ह जोडा आणि सर्वांत शेवटी फ्यूज घाला.

टाकी परत बसवण्याआधी एक माप घ्याच. दिवे चालू ठेवून मीटरची लाल काडी बॅटरीच्या पॉझिटिव्हवर आणि काळी काडी दिव्याच्या पॉझिटिव्हवर लावा. ०.३ व्होल्टपर्यंत ठीक. १.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्यात ३.३ अँपिअरला एका मीटरमागे सुमारे ०.०४ व्होल्टच पडतो. त्यामुळे मीटर १ व्होल्ट दाखवत असेल तर वायरीला दोष देऊ नका, जोड तपासा. हेच माप निगेटिव्हच्या बाजूलाही घ्या. तिकडे फारसं कोणी बघत नाही आणि दोष बऱ्याचदा तिथेच सापडतो.

प्रश्न : जोडीचा हॉर्न रिलेवर लावला. किल्ली फिरवताच, बटण न दाबताही तो वाजत राहतो. रिले खराब आहे का?

रिले चांगला आहे. तुमच्या गाडीत हॉर्नचं बटण अर्थच्या बाजूला आहे. काही गाड्यांत बटण हॉर्नला पॉझिटिव्ह देतं. काहींत हॉर्नला किल्लीसरशी पॉझिटिव्ह मिळालेलाच असतो आणि बटण फक्त अर्थ देतं. तुमची दुसऱ्या प्रकारची आहे. तुम्ही पॉझिटिव्ह वायर ८६ ला आणि चासी ८५ ला दिली, त्यामुळे किल्ली लावताच कॉईलचं सर्किट पूर्ण झालं.

दोन्ही प्रकारांत चालणारी जोडणी अशी : मूळ हॉर्नच्या दोन्ही वायरी काढा आणि त्याच ८५ आणि ८६ ला लावा. चासीला काहीही जोडू नका. आतमध्ये डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) असलेला रिले असेल तर मात्र दिशा पाळावी लागते. बटण दाबून धरा, मीटरच्या काड्या दोन वायरींना लावा. आकड्याआधी वजा चिन्ह नसेल तर लाल काडीची वायर पॉझिटिव्ह, ती ८६ ला. उलट लावली तर बटण दाबल्यावर डायोडमधून शॉर्ट होऊन फ्यूज जाईल.

जोडीचा हॉर्न ८ ते १० अँपिअर घेतो. त्याला १५ अँपिअरचा फ्यूज आणि २.५ चौरस मिलिमीटरची वायर हवी. दिव्यांच्या रिलेवर त्याला बसवू नका. त्याचा रिले वेगळा.

प्रश्न : आत दिवा असलेला तीन टोकांचा स्विच आणला. चालू केला की लगेच फ्यूज उडतो.

तिसरं टोक हे स्विचच्या आतल्या दिव्याचं अर्थ असतं. तुमचा अर्थ चुकून भाराच्या टोकावर गेलेला आहे, म्हणून स्विच लावताच पॉझिटिव्ह सरळ अर्थला भिडतो. स्विच काढून मीटर आवाजाच्या सेटिंगवर ठेवा. स्विच चालू असताना ज्या दोन टोकांत आवाज येतो ती वीज आत येण्याची आणि बाहेर जाण्याची टोकं. उरलेलं अर्थ, बऱ्याच स्विचांवर त्याचा रंगही वेगळा असतो. आत आणि बाहेर यांची अदलाबदल झाली तर फ्यूज जात नाही, पण स्विच बंद असतानाही आतला दिवा जळत राहतो. तसं दिसलं तर ती दोन टोकं बदला.

प्रश्न : चारही इंडिकेटर एलईडीचे केले. आता ते फार वेगाने लपलपतात, आणि डावा लावला की उजवाही मिणमिणतो.

हे दोन वेगळे दोष आहेत.

वेगाचं कारण फ्लॅशर, म्हणजे इंडिकेटर लुकलुकवणारा भाग. तो करंट मोजून चालतो. १० वॅटच्या दोन बल्बांच्या जागी आता दोनएक वॅटचा भार आल्यावर त्याला वाटतं, एक बल्ब गेला, आणि तो वेग वाढवून तुम्हाला कळवतो. उपाय म्हणजे एलईडीसाठीचा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर. दोन पिनांचा असेल तर जुन्याच्या जागी बसतो. तीन पिनांचा असेल तर तिसऱ्या पिनेला अर्थ द्यावा लागतो. प्रत्येक इंडिकेटरला समांतर रोधक लावण्याचा उपायही सांगितला जातो. १० वॅटच्या बल्बाच्या जागी सुमारे १५ ओहमचा लागतो. पण तो वाचवलेली वीज परत उष्णतेत घालवतो आणि हात भाजेल इतका तापतो. आम्ही फ्लॅशर बदलायलाच सांगू.

मिणमिणण्याचं कारण गाडीच्या मीटरमधला एकुलता एक इंडिकेटरचा दिवा. तो डाव्या आणि उजव्या वायरीच्या मधोमध जोडलेला असतो. डावीकडे वीज आली की ती त्या दिव्यातून उजवीकडच्या बल्बांमार्फत अर्थला जाते. साधे बल्ब एवढ्याशा करंटला पेटत नव्हते, एलईडी पेटतात. मीटरच्या दिव्याच्या दोन्ही वायरी सोडा. १एन४००७ क्रमांकाचे दोन डायोड घ्या. एकाचं पट्टा नसलेलं टोक डाव्या वायरीला, दुसऱ्याचं उजव्या वायरीला. पट्ट्याची दोन्ही टोकं एकत्र करून दिव्याच्या एका बाजूला, आणि दिव्याची दुसरी बाजू अर्थला. मीटरमधला दिवाही एलईडी असेल तर त्याची पॉझिटिव्ह बाजू डायोडकडे येईल याची काळजी घ्या.

प्रश्न : आठवडाभर गाडी उभी राहिली की सेल्फ लागत नाही. बॅटरी नवीन आहे. यूएसबी चार्जर थेट बॅटरीला लावलाय, पण त्याला मोबाइल तर जोडलेला नसतो.

मोबाइल नसला तरी चार्जरच्या आतलं सर्किट जागंच असतं. समजा तो २० मिलिअँपिअर घेतो. दिवसाला ०.४८ अँपिअर-तास, आठवड्याला जवळपास ३.४. तुमची बॅटरी ५ अँपिअर-तासांची असेल तर दोन तृतीयांश रिकामी झाली. सेल्फ कसा लागणार? चार्जर किल्लीने चालू-बंद होणाऱ्या रिलेवर घ्या.

पण दोषी तोच आहे का, हे मोजून ठरवा. किल्ली बंद. मीटरची लाल काडी १० अँपिअरच्या भोकात. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडून मीटर त्या वायरीच्या आणि बॅटरीच्या टोकाच्या मध्ये लावा. मीटर असा जोडलेला असताना सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज जाईल. नव्या गाड्यांत कंट्रोल युनिट (गाडीचा छोटा संगणक) झोपायला काही मिनिटं घेतं, तेवढं थांबा. साध्या गाडीत आकडा एक-दोन मिलिअँपिअरच्या वर जायला नको. डिजिटल घड्याळ असेल तर थोडा जास्त. जास्त दिसला तर एकेक फ्यूज काढत जा. ज्याने आकडा पडेल, त्या वाटेवर शोध घ्या. सगळे फ्यूज काढूनही तसाच राहिला तर रेग्युलेटरचा कपलर (वायरींचा प्लग) काढून बघा. त्यातला गळका डायोडही बॅटरी उतरवतो.

प्रश्न : मूळ वायर न कापता जोड घेण्यासाठी निळ्या रंगाच्या दाबाच्या क्लिपा मिळतात. वापराव्यात का? की सोल्डर बरा?

क्लिपा वापरू नका. क्लिपमधली पितळी पाती इन्सुलेशन फाडून तारांपर्यंत जाते. बारीक वायर असेल तर जाता जाता तीन-चार तारा कापतेही. त्या चिरेतून पाणी शिरतं आणि तारांच्या पोकळीतून पुढे सरकत राहतं. काही महिन्यांनी क्लिप उघडली तर पात्याभोवती हिरवी पूड दिसते. वायर वीतभर मागे सोलली तरी आतलं तांबं काळं निघतं. मूळ हार्नेसचं हे नुकसान भरून येत नाही.

सोल्डर विजेसाठी उत्तम, पण थरथरीसाठी नाही. वितळलेला सोल्डर तारांमधून वर चढतो आणि तेवढा भाग सळईसारखा ताठ होतो. ताठ भाग जिथे संपतो तिथे वायर रोज वाकते आणि एकेक तार तुटत जाते. सोल्डर करायचाच असेल तर जोडाच्या दोन्ही बाजूंना ५ सेंटिमीटरच्या आत वायर चासीला बांधा.

सर्वांत चांगला म्हणजे क्रिंप, म्हणजे लग दाबून केलेला जोड. वायर ६ ते ७ मिलिमीटर सोला, एकही तार कापू नका, वायरीच्या मापाचा लग घ्या आणि रॅचेटच्या पक्कडीने दाबा. साध्या पक्कडीने चेपलेला लग वरून छान दिसतो आणि आत सैल असतो. हाताने ओढून पाहा. निसटायचा असेल तर आत्ताच निसटू दे. वरून आत गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह घाला. गरम केल्यावर कडेने गोंदाची बारीक रेघ बाहेर आली की पाणी आत जात नाही. इंजिनच्या उष्णतेत काळ्या टेपचा गोंद वितळून टेप सरकतो, म्हणून त्यावर एकट्यावर भिस्त नको.

प्रश्न : ५ अँपिअरचा फ्यूज सारखा उडतो. १५ चा घातला तर चालेल?

चालणार नाही. फ्यूज दिव्यासाठी नसतो, वायरीसाठी असतो. तो उडायचा थांबला की त्याच्या जागी वायर जळते, आणि ती टाकीखालून गेलेली आहे.

शॉर्ट शोधायला फ्यूज वाया घालवू नका. दिव्यांचे कपलर काढा. फ्यूजच्या जागी १२ व्होल्ट, २१ वॅटचा ब्रेकचा बल्ब दोन वायरींनी जोडा आणि स्विच लावा. शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटेल, पण करंट पावणेदोन अँपिअरच्या आसपास अडेल. आता हँडल वळवा, वायर ठिकठिकाणी हलवा, केबल टाय एकेक सोडा. बल्ब विझला तिथेच वायर घासलेली आहे. हँडलची मान, टाकीची पुढची कड आणि फार आवळलेला केबल टाय, ही तीन ठिकाणं आधी पाहा.

प्रश्न : जादा दिवे फक्त हाय बीमसोबत लागावेत.

८६ चा इशारा पार्किंगऐवजी हाय बीमच्या वायरीतून घ्या, मध्ये स्विच तसाच ठेवा. एसीवर चालणाऱ्या हेडलाइटला हे जमणार नाही. ज्या गाड्यांत दिव्यांचं नियंत्रण कंट्रोल युनिटकडे आणि कॅन बसवर (युनिटांमध्ये संदेश नेणाऱ्या वायरींवर) असतं, तिथे हेडलाइटच्या वायरीला हात लावू नका. युनिट तो बिघाड समजून दिवाच बंद करू शकतं. अशा गाड्यांत जादा वस्तूंसाठी बहुधा कंपनीने वेगळा कपलर दिलेला असतो. इशारा तिथून घ्या.